काचबिंदूचा धोका कोणाला जास्त? घरच्या घरी अशी करा चौकशी

काचबिंदूत, बहुधा डोळ्यातला दाब वाढून, मेंदूकडे नजर नेणारी नस हळूहळू खराब होते. त्याचा नेहमीचा प्रकार दुखत नाही. समोरचं स्पष्ट दिसत राहतं, कडेची नजर मात्र हळूहळू कमी होते, आणि गेलेली नजर औषधानं किंवा ऑपरेशननं परत येत नाही. म्हणून त्रास व्हायची वाट न बघता घरातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाच्या नावाचा कागद करा.

पहिली नोंद घराण्याची. आई, वडील, सख्खी भावंडं यांच्यापैकी कोणाला काचबिंदू असेल तर धोका कैक पटींनी वाढतो. फक्त ‘काचबिंदू होता का?’ असं विचारून भागत नाही, कारण खेड्यात म्हातारपणी नजर गेली की सगळं मोतीबिंदूच्या नावावर जातं. ‘मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही दिसलं नाही, असं कोणी होतं का?’ असं विचारा. बाईच्या कागदावर तिच्या माहेरची माहिती हवी. सासूचा काचबिंदू सुनेच्या खात्यात धरायचा नाही, मुलाच्या आणि मुलीच्या धरायचा.

मग चष्म्याचा जुना कागद शोधा. त्यावरचा दूरचा नंबर बघा. जवळचं वाचायचा, म्हणजे चाळिशीचा, प्लस नंबर इथं मोजायचा नसतो. मोतीबिंदू काढला असेल तर ऑपरेशनच्या आधीचा कागद लागेल. दूरचा नंबर प्लस असेल तर डोळा लहान असतो, आतलं पाणी निचरा होण्याची वाट, म्हणजे डोळ्याचा कोन, अरुंद असते. ही वाट बंद झाली तर बंद कोनाचा काचबिंदू, उघडी असूनही निचरा नीट झाला नाही तर खुल्या कोनाचा. बंद कोनाचा काचबिंदू पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो तो मुख्यतः याच रचनेमुळे. उलट मोठा मायनस नंबर, विशेषतः ६ च्या पुढचा, खुल्या कोनाच्या काचबिंदूकडे बोट दाखवतो. तरुण, मायनस नंबरच्या पुरुषांत बुबुळाचा रंग झडून निचरा तुंबण्याचा एक वेगळा प्रकारही दिसतो.

अरुंद कोनाचा अंदाज टॉर्चनंही येतो. खोलीत अंधूक उजेड ठेवा, टॉर्च कानाच्या बाजूनं डोळ्याच्या कोपऱ्याशी आडवी धरा. पूर्ण रंगीत बुबुळ उजळलं तर ठीक. नाकाकडच्या अर्ध्या भागावर सावली पडली तर डॉक्टरांना दाखवा. सावली पडली नाही म्हणून तपासणी टाळू नका. ही चाचणी तेवढी पक्की नाही.

पुरुषांच्या कागदावर माराची नोंद हमखास ठेवा: शेतात फांदीचा फटका, कारखान्यात उडालेला तुकडा, लहानपणची विटी, क्रिकेटचा बॉल. बोथट मारानंतर निचऱ्याची जाळी दुखावू शकते आणि डोळ्यातला दाब काही वर्षांनीही वाढू शकतो. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात आणखी एक प्रश्न: सिकलसेल (रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) आहे का, निदान वाहक तरी? अशा माणसाच्या डोळ्यात मारानं रक्त साचलं तर विळ्यासारख्या पेशी जाळीत अडकतात आणि दाब थोडा वाढला तरी नस दुखावते. दाब कमी करायची एक नेहमीची गोळी, ॲसिटाझोलामाइड, अशा रुग्णाला घातक ठरू शकते. डॉक्टरांना हे आधीच सांगा.

खानदेशच्या उन्हाळ्यात, धुळीत मुलांचे डोळे खाजतात आणि मेडिकलवरून थेंब येतात. पहिल्या दोन दिवसांत लाली जाते म्हणून तीच बाटली पुन्हापुन्हा आणली जाते. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड. काहींचा दाब दोन ते सहा आठवड्यांत चढतो, मुलांचाही. या एका कारणाला तरी आपण पूर्ण आळा घालू शकतो. संधिवाताच्या गोळ्या, दम्याचा पंप, पापण्यांजवळ लावलेली मलमं यांतही स्टेरॉइड असू शकतं, सगळी नोंद करा. शेवटी मधुमेह, रात्री घोरताना श्वास अडकणं आणि रात्री घ्यायच्या बीपीच्या गोळ्या.

एकही खूण नसेल तर चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी, एखादी असेल तर दरवर्षी तपासा. ‘मोती पिकू द्या’ हा सल्ला मात्र ऐकू नका. अति पिकलेला मोतीबिंदू स्वतःच काचबिंदू घडवू शकतो.

एकाएकी डोळा लाल, कपाळ फुटतंय, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी असं झालं तर पित्त समजून घरी थांबू नका. हा बंद कोनाचा झटका असू शकतो. त्याच दिवशी, काही तासांतच, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

शिबिरात बहुधा नंबर आणि मोतीबिंदूच बघतात. दवाखान्यात चार गोष्टी मागा: दाब, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाची (कॉर्निया) जाडी, कोनाची तपासणी (गोनिओस्कोपी) आणि नसेची तपासणी. दाब साधारण १० ते २१ (मिलिमीटर पारा) असतो, पण २१ च्या आतही काचबिंदू होतो, आणि पटल पातळ असलं तर यंत्र दाब कमी दाखवतं. कोन बघायच्या आधी बाहुली मोठी करणारे थेंब नकोत. नसेच्या तोंडावरच्या खळग्याचं त्या तोंडाशी प्रमाण ०.६ च्या वर, किंवा दोन डोळ्यांत ०.२ चा फरक असेल तर पुढे नजरेच्या क्षेत्राची चाचणी करतात. ती पहिल्यांदा बऱ्याच जणांची गोंधळात बिघडते. पुन्हा करून घ्या आणि दोन्ही कागद जपून ठेवा, कारण पुढच्या वर्षी तुलना त्यांच्याशीच करायची असते.