हप्त्यावर वस्तू घेताय? या चुका टाळा, आणि झाल्याच असतील तर असं निस्तरा

मागच्या दिवाळीत धाकट्या भावासोबत फ्रिज घ्यायला गेले होते. काउंटरवरचा मुलगा किंमत सांगायलाच तयार नाही, दरवेळी एकच, "ताई, महिन्याला फक्त २,३००." तीनदा विचारल्यावर कळलं की असे १८ हप्ते, म्हणजे ४१,४०० रुपये, आणि तोच फ्रिज रोख घेतला तर ३४,०००. वरच्या ७,४०० मधले २,४९९ तर एक्स्टेंडेड वॉरंटीचे निघाले, जी आम्ही मागितलीच नव्हती. पहिली चूक हीच, आपण हप्ता विचारतो आणि एकूण किती जाणार ते विचारत नाही. ओटीपी सांगायच्या आधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद मागा, १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांना ते सक्तीचं केलंय, त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो.

उधारीवर घेणं वाईटच असं मी अजिबात म्हणणार नाही. शिलाई मशीन घेतलं आणि त्याच्याच कमाईतून हप्ता निघाला तर छानच की. पण जुन्या फोनचे हप्ते चालू असताना नवा फोन घेणं माझ्या मते सरळ चूक आहे.

नो कॉस्ट ईएमआय म्हणजे फुकट असंही समजू नका. व्याज असतंच, फक्त तेवढा डिस्काउंट आधी दाखवतात. २४,००० चा फोन, ४,००० चे ६ हप्ते, बँकेचा दर १५ टक्के धरला तर साधारण १,००० रुपये व्याज होतं आणि क्रेडिट कार्डावर घेतला असेल तर त्यावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच खिशातून जातो, वर प्रोसेसिंग फी. रोखीवर मिळणारी सूट गेली ती वेगळीच.

आता सगळ्यात महागडी चूक, क्रेडिट कार्डाचं मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम. लोकांना खरंच वाटतं की मिनिमम भरलं की झालं. समजा बिल ४०,००० आलं, तुम्ही २,००० भरले, राहिले ३८,०००. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे १,३३० व्याज, त्यावर जीएसटी २३९. म्हणजे भरलेल्या दोन हजारातून मूळ रक्कम जेमतेम ४३० रुपयांनी कमी झाली! आणि बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, परवा घेतलेल्या किराण्यावर पण त्याच दिवसापासून व्याज सुरू. यात अडकला असाल तर आधी कार्ड वापरणं थांबवा, मग बँकेला फोन करून थकबाकीचे हप्ते पाडून घ्या, दर बराच कमी पडतो. घरात सोनं असेल तर गोल्ड लोन काढून कार्ड मिटवणंही बहुतेक वेळा स्वस्त पडतं, लाज कसली त्यात.

तारखेची चूक मी स्वतः केलीये. हप्ता २ तारखेला, पगार ५ ला. दोन महिने बाऊन्स झाला, फायनान्सवाल्यांनी दंड लावला, बँकेनेही वेगळा कापला आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, पडला तो पडलाच. हप्त्याची तारीख पगारानंतरचीच घ्या, कर्ज घेतानाच सांगा, नंतर बदलून मिळायला फार झिजवतात.

शेवटचा हप्ता गेला की लोक विसरून जातात, तसं करू नका. एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं पत्र, मागून घ्या, खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी (ऑटो डेबिटचं मॅन्डेट) बंद झालीय का बघा, आणि महिना दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्ट काढा, तो सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून (कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडून) वर्षातून एकदा फुकट मिळतो. कर्ज तिथे अजून चालूच दिसत असेल तर बँकेकडे आणि ब्युरोकडे लेखी तक्रार टाका, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, एक रुपयाही लागत नाही.