लॅपलंडची रुस्का: इंदूरहून निघताना काय भरावं, तिथे कसं फिरावं

फिनलंडच्या उत्तरेला, लॅपलंडमध्ये, शरदातले रंग जेमतेम तीन आठवडे टिकतात. सप्टेंबर लागला की पानं रंगायला लागतात, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रंग भरात येतो, आणि मग एका वादळी रात्रीत बर्चची पिवळी पानं सगळी खाली. या रंगाला तिकडे ‘रुस्का’ म्हणतात. नजर झाडांवरच ठेवली तर निम्मी रुस्का हुकते. खरा लाल रंग गुडघ्याच्या खाली असतो, खुज्या बर्चच्या आणि ब्लूबेरीच्या झुडपांवर. डोंगराच्या उघड्या माथ्यावर तो मैलोन् मैल पसरलेला दिसतो.

अडचण एवढीच की गणपतीही बहुधा याच सुमारास येतात. तेव्हा आधी पंचांग पाहा, मग तिकिटं. घरी दीड दिवसाचा गणपती असेल तर गणित सहज जमतं. दहा दिवसांचा असेल आणि अनंत चतुर्दशी महिन्याच्या शेवटी असेल, तर त्या वर्षी बेत सोडलेला बरा. ऑक्टोबरात गेलात तर फांद्या उघड्या मिळतील. इंदूरहून दिल्ली किंवा मुंबई, तिथून हेलसिंकी आणि पुढे लॅपलंडमधलं इव्हालो असा प्रवास. इव्हालोच्या दक्षिणेला सारिसेल्का आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मुक्कामाला हेच गाव चांगलं, कारण १९८३ साली झालेलं उर्हो केकोनेन राष्ट्रीय उद्यान गावाला लागूनच सुरू होतं. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो. पंधरा दिवसांवर आल्यावर धावपळ करू नका.

आता कपडे. इंदूरचे लोक थंडीला घाबरून जाडजूड स्वेटर भरतात आणि आत सुती बनियन घालतात. चूक तिथेच होते. सप्टेंबरात दिवसा साधारण ५ ते १२ अंश असतात, रात्री पारा शून्याच्या आसपास किंवा खाली जातो. एवढी थंडी चालणाऱ्याला सोसते, ओल सोसत नाही. चढावर घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं, आणि माथ्यावर वाऱ्यात दहा मिनिटं थांबलात की अंग गारठतं. म्हणून अंगालगत पातळ लोकरीचं किंवा सिंथेटिक, त्यावर फ्लीस, सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. जीन्स नकोच. लोकरी मोज्यांचे तीन जोड घ्या. त्यातला एक फक्त झोपताना वापरायचा, बाहेर न्यायचा नाही. जाकिटाची परीक्षा इंदूरातच घ्या: जुलैच्या पावसात ते घालून रालामंडळची टेकडी दोनदा चढा. खांद्याच्या शिवणीतून पाणी आत आलं तर ते तिकडेही येणार. नवे बूटही याच टेकडीवर पायात रुळवा.

खाण्याचं सामान भरताना युरोपीय संघाचा नियम लक्षात ठेवा. बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर घरीच. तुपातले लाडूही नेऊ नका, विमानतळावर वाद नको. ताजा कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही चालत नाहीत. कढीपत्ता वाळवून न्या. पोहे, जिरावण, शेव, मेतकूट, गूळ आणि थालीपिठाची भाजणी खुशाल न्या. काड्यापेटी, लायटर आणि गॅसची डबी तिकडेच विकत घ्या. खिशातला चाकू चेक-इन सामानात टाका.

भाजणी माणशी १०० ग्रॅम धरली की दोन मध्यम थालीपिठं होतात. तिखट, हळद, मीठ, ओवा, तीळ निघण्याआधीच मिसळून पिशवी घट्ट बंद करा. सकाळी मुक्कामावर पीठ भिजवून डब्यात नेण्याचा मोह होतो, पण मिठामुळे कांद्याला पाणी सुटतं आणि दुपारपर्यंत गोळा इतका सैल होतो की थापताच येत नाही. कोरडं पीठ आणि चिरलेला कांदा वेगवेगळा न्या, दुपारी रानातल्या चुलीपाशी थर्मासमधल्या गरम पाण्यात भिजवा, आणि ओल्या बटरपेपरवर थापा.

त्या चुलीविषयी नीट समजून घ्या. फिनलंडमध्ये कुणाच्याही रानात चालायला, बेरी वेचायला, एखादी रात्र तंबू ठोकायला मुभा आहे, पण आग पेटवायला जमीनमालकाची परवानगी लागते. राष्ट्रीय उद्यानात ठरलेल्या जागा असतात, शेजारी लाकडाची कोठी असते. वणव्याचा इशारा जारी असेल तर उघड्यावरची आग बंद. कोठीतून चार-पाच ओंडके पुरतात. त्यातला एक चाकूने सोलून बोटाएवढ्या ढलप्या काढा. बर्चच्या ओंडक्यावरची पांढरी साल ओलसर असली तरी तिच्यातल्या तेलामुळे पेटते, तीच खाली ठेवा. उभ्या झाडाची साल मात्र सोलायची नाही. सालीवर ढलप्या, त्या चांगल्या धरल्या की बारीक फाटे, आणि मगच जाड लाकूड. घाईने जाड ओंडका टाकला की नुसता धूर होतो, डोळे चुरचुरतात. तवा ज्वाळेवर ठेवू नका. वीस-पंचवीस मिनिटं थांबून निखारे झाल्यावर ठेवा, नाहीतर थालीपीठ बाहेरून काळं आणि आत कच्चं.

वाटेत दलदलीवर दोन फळ्यांच्या पाऊलवाटा लागतात. पहाटेच्या दवाने किंवा हिमाने त्या काचेसारख्या होतात. पाऊल पूर्ण टेकवा, कडेवर देऊ नका, हातात काठी ठेवा. दगडी चढावर तासाला तीन किलोमीटर धरा. महिनाभर दिवस रोज सुमारे आठ मिनिटांनी लहान होत जातो, त्यामुळे पहिल्या आठवड्यातलं वेळापत्रक शेवटच्या आठवड्यात चालत नाही. डोक्याचा टॉर्च सोबत हवाच. शिकारीचा हंगाम याच दिवसांत असल्याने भगवं किंवा नारिंगी जाकीट घाला. मदतीला ११२. फोनमध्ये ‘११२ सुओमी’ हे अ‍ॅप आधीच घेतलं तर तुमची जागा आपोआप कळते.

रानातल्या मोफत झोपड्यांना ‘औतिओतुपा’ म्हणतात. तिथली रीत मनाला भिडणारी आहे: जो शेवटी येतो त्याचा जागेवर पहिला हक्क, कारण तोच सर्वांत दमलेला आणि भिजलेला असतो. विश्रांती झालेल्यांनी सरकायचं. निघताना पुढच्यासाठी लाकूड फोडून आत कोरडं ठेवा, केर काढा, आणि वहीत पुढची वाट लिहा. कुणी हरवलं तर शोधणाऱ्यांना ती वही उपयोगी पडते.

सप्टेंबरात लिंगनबेरी पिकलेली असते, लाल आणि सणसणीत आंबट. दोन वाट्या बेरी, पाऊण वाटी गूळ, मीठ, अर्धा चमचा तिखट, वरून मोहरी-हिंगाची फोडणी, दहा मिनिटं शिजवा: करवंदाच्या लोणच्याची आठवण येईल. अळंबी मात्र नवख्याने वेचू नये. तिकडच्या रानात उगवणारी एक शुभ्र पांढरी जात जीवघेणी आहे.

गाडी चालवताना, विशेषतः तिन्हीसांजेला, वेग कमी ठेवा. रेनडिअर कळपाने रस्त्यावर येतात आणि हॉर्नला दाद देत नाहीत. एक रस्ता ओलांडून गेला की मागे दुसरा आहेच असं समजा. प्रत्येकाच्या कानावर मालकाची खूण असते. धडक झाली तर ११२ ला कळवावंच लागतं.

घरात शिरताना जोडे बाहेर, आपल्यासारखंच. बऱ्याच मुक्कामांत कपडे वाळवायचं कपाट असतं. बुटांतले तळवे रोज रात्री काढून त्यात ठेवा, नाहीतर सकाळी बूट आतून गार आणि ओले मिळतात. सौनात, म्हणजे गरम वाफेच्या खोलीत, जाण्याआधी अंघोळ करायची. सौना झाल्यावर आभाळ निरभ्र असेल तर तळ्याकाठी जा: तळी अजून गोठलेली नसतात, त्यामुळे उत्तरेचा प्रकाश (अरोरा) पाण्यातही दिसतो. अंधारात रस्त्याने जाताना जाकिटाला चमकणारा रिफ्लेक्टर लावा, तिथे तसा नियमच आहे. आणि फोन बाहेरच्या नाही, आतल्या खिशात ठेवा. गारठ्यात बॅटरी पाहता पाहता उतरते.