इंजिन बांधताना बोल्ट कसे निवडावेत

इंजिन खोलताना निघालेले बोल्ट एकाच डब्यात टाकले की घोटाळ्याला तिथूनच सुरुवात होते. टायमिंग कव्हरला बहुधा एकाच जाडीचे, पण दोन-तीन लांबीचे बोल्ट असतात. लांब बोल्ट उथळ भोकात गेला की तळाला टेकतो. पान्याला टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो, कव्हर मात्र दाबलंच जात नाही आणि तिथून तेल झिरपतं. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, भोकं पाडा आणि प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवा.

बोल्ट आवळला की किंचित ताणला जातो, आणि त्या ताणामुळेच दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. किती ताण सोसेल ते डोक्यावरच्या आकड्यावरून, म्हणजे ग्रेडवरून, कळतं. ८.८ म्हणजे ८०० मेगापास्कलला (ताण मोजायचं एकक) तुटणारा आणि त्याच्या ८० टक्क्यांना, म्हणजे ६४० ला, कायमचा लांबणारा. १०.९ ला हेच आकडे १००० आणि ९००, तर १२.९ ला १२०० आणि १०८०. मूळ बोल्टपेक्षा खालचा ग्रेड कधीच नको. पण वरचा ग्रेड म्हणजे जास्त चांगला, हेही खरं नाही. ८.८ च्या जागी १२.९ घालून त्याच्या हिशेबाने आवळलात, तर अ‍ॅल्युमिनियममधले आटे आधी निघून येतील.

आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, डोळ्यांनी ठरवू नका, पिच गेज लावा. एम१० मध्ये, म्हणजे १० मिमी जाडीच्या बोल्टमध्ये, १.२५ आणि १.५ मिमी हे दोन्ही पिच सर्रास मिळतात. जपानी घडणीच्या इंजिनांत १.२५ जास्त. चुकीचा बोल्ट दोन फेरे हाताने जातो आणि मग अडकतो. तिथे पाना लावून रेटलं की ब्लॉकमधले आटे गेलेच. बोल्ट किती आत जायला हवा याचा ढोबळ हिशेब असा: पोलादात जाडीइतका, बिडाला दीडपट, अ‍ॅल्युमिनियममध्ये दुप्पट. म्हणजे अ‍ॅल्युमिनियममध्ये एम८ चा बोल्ट १६ मिमी तरी आत हवा.

पैसे वाचवायचे नाहीत अशा जागा मोजक्या: हेड, कनेक्टिंग रॉड, मेन कॅप आणि फ्लायव्हील. मॅन्युअलमध्ये हेड बोल्टसाठी आधी टॉर्क आणि मग ‘९० अंश, पुन्हा ९० अंश’ फिरवा असं लिहिलं असेल, तर ते बोल्ट बहुधा एकदाच वापरायचे असतात. आवळतानाच ते कायमचे लांबतात. काही कंपन्या लांबीची किंवा जाडीची मर्यादा देऊन पुन्हा वापरू देतात. तेव्हा आट्यांलगतच्या भागाची जाडी मायक्रोमीटरने दोन-तीन ठिकाणी मोजा. मध्येच बारीक झालेला बोल्ट बाद. आमच्या मते, संशय आला तर पूर्ण सेटच नवा घ्यावा. हेड पुन्हा उघडण्यापुढे ती रक्कम किरकोळ आहे.

रॉडचा बोल्ट बहुतेक वेळा कमी आवळल्यामुळे तुटतो. पुरेसा ताण नसेल तर क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला रॉड आणि त्याची कॅप किंचित विलग होतात, बोल्टवर झटके बसतात आणि तो थकून तुटतो. मग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. प्रेसने बसवलेले रॉड बोल्ट बदलल्यावर रॉडच्या क्रँककडच्या मोठ्या भोकाचा गोलपणा बिघडू शकतो. मशीन शॉपमध्ये मोजून, गरज पडल्यास होनिंग (भोक आतून घासून नेमकं गोल करणं) करून घ्या.

टॉर्कमधला जेमतेम दहावा हिस्सा ताण देतो. बाकीचा आट्यांत आणि डोक्याखाली घर्षणात जातो. म्हणून कोरड्या बोल्टसाठी दिलेला टॉर्क तेल लावलेल्या बोल्टला दिला तर तो गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. मॅन्युअल तेल लावा म्हणत असेल तर आट्यांना आणि डोक्याखाली थेंबभर लावा, भोकात अजिबात नको. बंद भोकात साठलेलं तेल किंवा कूलंट बोल्टखाली दाबलं गेलं की ब्लॉकला चीर जाते. भोकं हवेने फुंका. आटे साफ करायला थ्रेड चेझर (आटे न कापता फक्त साफ करणारं हत्यार) वापरा. कापणारा टॅप धातू खरवडून आटे सैल करतो.

फ्लायव्हीलच्या बोल्टची भोकं काही इंजिनांत क्रँककेसमध्ये उघडतात, तिथे आट्यांवर सीलंट हवाच. नव्या बोल्टवर आधीपासून रंगीत लेप असेल तर वरून लोकटाइट (आटे पक्के धरणारा द्रव) नको.

एग्झॉस्टला १२.९ चा स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेला बिनडोक्याचा बोल्ट) लावू नये. उष्णतेने त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. मूळ प्रतीचे स्टड घ्या, त्यावर तांब्याचा मुलामा दिलेले नट. स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट व्हॉल्व्ह कव्हरला चालतील, इंजिन माउंटिंगला नाही: ए२-७० या स्टेनलेस ग्रेडचा बोल्ट ४५० मेगापास्कललाच लांबतो, म्हणजे ८.८ पेक्षाही कमकुवत. अ‍ॅल्युमिनियमशी त्याची गंजक्रियाही होते.

हेड बोल्टखाली स्प्रिंग वॉशर नको, कडक केलेला सपाट वॉशर घ्या. त्याच्या भोकाची उतरती कडा बोल्टच्या डोक्याकडे हवी; उलटी बसली तर डोक्याखालच्या गोलाईवर चरा पडतो आणि तिथूनच बोल्ट तुटतो.

मुंबईची नागदेवी स्ट्रीट असो वा पुण्याची नाना पेठ, खरेदी करताना ग्रेडच्या जोडीला बनवणाऱ्याची खूण डोक्यावर आहे का ते बघा. नुसता आकडा असलेला बोल्ट घेऊ नका. आणि १२.९ चा बोल्ट गंज काढायला आम्लात बुडवू नका किंवा जस्ताचा मुलामा द्यायला पाठवू नका. हायड्रोजन पोलादात शिरतो आणि आवळल्यावर काही तासांनी, इंजिन बंद असतानाही, डोकं तुटून पडतं.