वस्तीतील मुलांसाठी संगीतवर्ग कसा उभारावा

गायक विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय हे संगीत विद्यालय काढले आणि राजाश्रयाऐवजी लोकांच्या देणग्यांवर चालवले. त्यामुळे वर्गणीतून संगीतवर्ग चालवणे आपल्याकडे नवे नाही. मात्र शुल्क माफ केल्यावरही मुले गळतात, कारण दहा बाय दहाच्या खोलीत, शेजारी रात्रपाळीचा माणूस झोपलेला असताना, रियाज करायचा कुठे आणि कशावर, हा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून समाजमंदिराची किंवा शाळेची खोली केवळ शिकवणीपुरती न मागता रोज संध्याकाळी रियाजासाठी मागावी. गुरुजी आठवड्यातून दोनदा आले तरी चालेल. इतर दिवशी एखाद्या मोठ्या विद्यार्थ्याने कुलूप उघडून बसावे आणि या कामाचे त्याला मानधन द्यावे. मुलींच्या घरच्यांना वेळ आणि सोबत कोणाची, हे आधी प्रत्यक्ष भेटून सांगावे.

नवी वाद्ये घेण्याआधी गावातल्या भजनी मंडळाकडे विचारणा करावी, कारण त्यांची पेटी आणि पखवाज बहुधा एकादशीपुरतेच बाहेर निघतात. तबला घेताना डाव्या हाताचा डग्गा एकच, पण उजव्या हाताचे तबले दोन पट्ट्यांचे (स्वराच्या दोन उंचींचे) घ्यावेत: मुलींचा आवाज साधारण काळी चार-पाचचा (पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीचा) असतो, तर आवाज फुटलेल्या मुलग्यांचा काळी एकच्या आसपास उतरतो. (याच वयात मुलग्यांना ‘तुझा गळा गेला’ असे सांगून घरी पाठवणारे शिक्षक मी टाळीन, अशा मुलग्यांना खालच्या पट्टीत गाऊ द्यावे किंवा ठेका धरायला बसवावे.) तानपुरा मोबाइलवर लावता येतो, त्यामुळे त्यावर सुरुवातीला खर्च करू नये. तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, बदलण्यासाठी आणि पेटीच्या दुरुस्तीसाठी मात्र पैसे वेगळे ठेवावेत, कारण पावसाळ्यात दमटपणामुळे पुडी सैल पडते. वाद्य घरी द्यायचे असेल तर नोंदवही ठेवावी, पण अनामत मागू नये.

मुलांना हलगी किंवा ढोलकी आधीपासून येत असेल, तर तिथूनच सुरुवात करून मग तालाच्या मात्रा आणि बोल समजावावेत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला तयारी झालेल्यांनाच बसवावे आणि परीक्षा शुल्काची तरतूद वर्षाच्या सुरुवातीलाच करावी. शास्त्रीय संगीताच्या मान्य परीक्षांसाठी राज्य मंडळाच्या दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यासाठी किती परीक्षा लागतात आणि प्रस्ताव कधी द्यायचा, हे मूल आठवीत असतानाच शाळेत विचारून ठेवावे.