हुमणाचं वाटप जाडंभरडं राहतंय? मिक्सर, फूड प्रोसेसर, हँड ब्लेंडर घेताना या चुका टाळा

गोव्याच्या घरात नवीन यंत्र आलं की त्याची खरी परीक्षा हुमणाच्या, म्हणजे माशांच्या रश्श्याच्या, वाटपावर होते. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, हळद, चिंच हे सगळं गंधासारखं बारीक झालं तरच रस्सा एकजीव होतो. नाहीतर वर पाणी आणि तळाशी चोथा. चतुर्थी जवळ आली की दुकानांत सवलती लागतात. खोक्यावरचे फोटो आणि जोडभागांची लांबलचक यादी बघून बरेच जण नेमकं वाटपच न होणारं यंत्र घरी आणतात.

तिन्ही यंत्रं एकच काम करतात हा समज

फूड प्रोसेसरचं भांडं रुंद असतं आणि पातं एस आकाराचं. चिरणं, किसणं, कणीक मळणं ही त्याची कामं. त्यात खोबरं टाकलं तर ते बारीक चिरलं जातं, वाटलं जात नाही. भांड्याच्या कडेला उडून चिकटतं आणि मधे पातं मोकळंच फिरत राहतं. हँड ब्लेंडर शिजलेल्या आणि मऊ जिनसांसाठी आहे. वरण घोटा, सूप करा, ताक करा, मानकुराद आंब्याचा रस काढा, त्याच्यासारखं सोयीचं दुसरं काही नाही; तेच भांडं, वेगळा जार धुवायला नको. पण कच्चं खोबरं आणि धणे त्याच्यापुढे ठेवू नका.

वाटपाला लागतो मिक्सरचा उंच, अरुंद जार. म्हणून माझं मत सरळ आहे: घरात चांगला मिक्सर नसेल तर आधी तो घ्या, मग हँड ब्लेंडर. फूड प्रोसेसर रोज भरपूर भाजी चिरणाऱ्या किंवा दोन वेळा चपात्या करणाऱ्या मोठ्या कुटुंबालाच परवडतो. आपल्याकडे बरेच फूड प्रोसेसर मिक्सरच्या जारसकट मिळतात. तसा घेत असाल तर दुकानात मोठ्या भांड्याकडे नंतर बघा, आधी ते जार हातात घ्या.

वॉट बघून खरेदी

वॉट म्हणजे यंत्र किती वीज ओढतं याचा आकडा. वाटप बारीक होईल की नाही हे जारचा आकार, पात्यांची ठेवण आणि तुम्ही किती माल भरता यावर ठरतं. दोघातिघांच्या घराला 500 वॉट पुरतात. रोज नारळ आणि धणे-मिरच्या वाटायच्या असतील तर 750 घ्या. 230 व्होल्टला त्याला साधारण सव्वातीन अँपिअर लागतात, म्हणजे 6 अँपिअरचा साधा सॉकेट चालतो. मात्र अर्थिंग हवंच. हँड ब्लेंडर 250-300 वॉटचा असला तरी घरच्या कामाला पुष्कळ. गरम भांड्यात घालायचा असेल तर त्याचा दांडा स्टीलचाच बघा.

वाटप जाडं का राहतं

हे नीट सांगायला हवं, कारण यात यंत्राला फुकट दोष लागतो.

सगळं एकदम जारमध्ये कोंबून वर तांब्याभर पाणी ओतलं की खोबरं पाण्यावर तरंगतं आणि पात्याच्या वाटेला येतच नाही. मिरच्या आधी कोमट पाण्यात भिजवा. काणकोणची खोला मिरची असली तरी भिजवल्याशिवाय तिची साल पूर्ण वाटली जात नाही, आणि रंगही उतरत नाही. धणे कोरडेच आधी फिरवून घ्या. मग मिरच्या, चिंच आणि थोडंसं खोबरं घालून पाती बुडतील एवढंच पाणी. थांबा, कडेचं खाली ओढा, पुन्हा फिरवा. हे गुळगुळीत झाल्यावर उरलेलं खोबरं आणि चमचा-चमचा पाणी. बोटांच्या चिमटीत वाटप चोळून बघा, कण लागला नाही म्हणजे झालं. तिरफळं यात वाटायची नाहीत. ती ठेचून रश्श्यात सोडायची.

अर्धी वाटी खोबरं दीड लिटरच्या जारमध्ये कधीच वाटलं जाणार नाही. त्याला 300-400 मिलीचा चटणीचा जार हवा. आणि कुठलाही जार दोनतृतीयांशाच्या वर भरू नका.

शाकुतीचा मसाला भाजून झाल्या झाल्या जारमध्ये टाकणं ही आणखी एक चूक, आणि धोक्याचीही. आत वाफ कोंडते, झाकण उडतं, भाजलेल्या खोबऱ्याचं तेल सुटून सगळं पात्याखाली चिकटतं. परातीत पसरून पूर्ण निवू द्या.

सोलकढीचं गणित उलटं आहे. तिथे खोबरं फार बारीक करायचं नसतं. कोमट पाणी घालून थोडा वेळ फिरवा आणि फडक्यातून पिळा. जास्त फिरवलं तर बारीक चोथा फडक्यातून उतरतो आणि कढी घशाला खरखरीत लागते.

खवणी आणि कापं

काही यंत्रांबरोबर नारळ खवायचा जोडभाग येतो. घाईच्या दिवशी तो उपयोगी पडतो, पण आदोळीवर, म्हणजे खवणीच्या विळीवर, हाताला जसं कळतं की आता करवंटी जवळ आली, तसं इथे कळत नाही. पाठीची तपकिरी साल खोबऱ्यात येते आणि सोलकढीचा रंग मळकट होतो. थोडं खोबरं करवंटीला राहू द्या. चकत्या करणाऱ्या चकतीचंही तसंच. बीट, काकडी, कोबी ठीक. नीरफणसाच्या कापांना लागणारी जाडी बहुतेक चकत्यांत नसते, ती सुरीनेच करा. कांदा चिरताना सलग फिरवू नका, पल्स वापरा, म्हणजे थांबत थांबत फिरवा, नाहीतर त्याचं पाणी सुटून तो परतताना लाल होत नाही.

मधेच बंद पडलं तर

मिक्सर अचानक थांबला म्हणजे जळाला असं नाही. बहुतेक मिक्सरांच्या तळाशी लाल बटण असतं. ओझं जास्त झालं की ते वीज तोडतं. प्लग काढा, जारमधला माल कमी करा, पाचेक मिनिटं थंड होऊ द्या आणि बटण दाबा. पुन्हा पुन्हा तसंच होत असेल तर दुरुस्तीला द्या. मोटर फिरते पण पातं नाही, तर कपलर, म्हणजे मोटर आणि पातं जोडणारा भाग, झिजला आहे. तो स्वस्तात बदलून मिळतो. जारखालून पाणी गळलं तर पात्याचं बूश किंवा रबर गेलंय, आणि ते पाणी मोटरमध्ये उतरण्याआधीच बदला. नवीन मिक्सरला पहिल्या काही वेळा हलका वास येतो, त्याने घाबरू नका. जुन्याला जळका वास आला तर ताबडतोब थांबा.

पावसात विजेचा दाब कमी झाला, दिवे मंद झाले की मिक्सर लावू नका. मोटर हळू फिरते आणि तापते. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत जारचं पातं गंजून अडकतं. धुतल्यावर झाकण न लावता जार उपडा ठेवा आणि नीट कोरडा होऊ द्या. अडकलेलं पातं मोटरच्या जोरावर सोडवायला जाऊ नका, त्यात कपलर तुटतो. प्लग काढून गरम पाण्यात जार भिजवा, मग खालून कपलर हळूहळू हाताने फिरवा.

खरेदीच्या वेळी दुकानदाराला एवढं विचाराच: या मॉडेलचा सुटा जार, कपलर आणि रबर इथे गोव्यात मिळतं का? वॉरंटीत हे झिजणारे भाग बहुधा धरलेले नसतात. आणि दुरुस्ती करायची असेल तर श्रावणातच उरका. चतुर्थीच्या आठवड्यात दुरुस्तीवाल्याकडे रांग असते आणि घरात पातोळ्यांचे तांदूळ भिजलेले असतात.