विधान परिषद परवडते का? हिशोब स्वतःच कसा लावायचा

नाक्यावर ठरलेलं वाक्य असतं, महाराष्ट्राची विधान परिषद, म्हणजे विधिमंडळाचं वरचं सभागृह, पांढरा हत्ती आहे, बंद करून टाका. असेलही, पण आधी हिशोब तर मांडा, त्यासाठी नरिमन पॉइंटच्या विधान भवनात जायचीही गरज नाही, मोबाईल पुरतो.

पहिलं म्हणजे नेमलेले कोण आणि निवडून आलेले कोण ते वेगळं करा. एकूण ७८ जागा. ३० आमदारांच्या मतांवर, २२ नगरसेवक-झेडपीवाल्यांच्या, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि राज्यपाल नेमतात ते फक्त १२. त्यामुळे "सगळे नेमलेले" म्हणणारा इथेच गंडतो.

मग खर्च. राज्याचं बजेट ऑनलाइन असतं, त्यात लेखाशीर्ष (खर्चाच्या खात्याचा क्रमांक) २०११ शोधा, विधानसभा, परिषद आणि सचिवालय वेगवेगळं दिसेल. सचिवालय दोन्ही सभागृहांचं एकच, तो अख्खा आकडा परिषदेच्या माथी मारू नका. आमदार निधीही धरू नका, तो रस्ते-गटारांत जातो (जायला तरी हवा). पेन्शन मात्र धरा, ती सगळे विसरतात, आणि उद्या परिषद बंद केली तरी माजी आमदारांची पेन्शन काही लगेच थांबत नाही.

आता बदल्यात काय मिळालं ते बघा, इथे घाई नको. परिषद साधं विधेयक फार तर आधी ३ महिने आणि मग १ महिना अडवू शकते, पैशाचं विधेयक १४ दिवस, म्हणजे अडवायची ताकद जवळपास नाहीच, काम फेरविचाराचं. मग एखादं वादग्रस्त विधेयक घ्या आणि दोन्हीकडच्या मंजुरीच्या तारखा शेजारी लिहा. जनसुरक्षा विधेयक (शहरी नक्षलवादाविरुद्ध म्हणून सरकारने आणलेलं) २०२५ मध्ये १० जुलैला विधानसभेत पास झालं आणि ११ जुलैला परिषदेत, आता एका रात्रीत कसला फेरविचार होणार सांगा. पण दुसरी बाजूही लिहा, रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे याच परिषदेचे सभापती होते, आणि ती कल्पना पुढे देशभर गेली.

१२ जणांसाठी वेगळं पान करा. संविधानात साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा असं लिहिलंय. गदिमा, ना. धों. महानोर असेच आत आले होते. आजच्या नावांपुढे क्षेत्र लिहायला घ्या, बहुतेक ठिकाणी पक्षाचं पद आधी आठवेल. नोव्हेंबर २०२० ला सरकारने पाठवलेली यादी राज्यपालांकडे पडून राहिली, सरकारं बदलली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ७ जण नेमले गेले, तोवर या खुर्च्या रिकाम्याच होत्या आणि कोणाचं काही अडलं नाही. माझ्या मते बाकी ६६ वर वाद घालता येईल, पण ही १२ जणांची सोय आज निव्वळ राजकीय पुनर्वसन आहे.

आणि बंदच करा म्हणत असाल तर कलम १६९ वाचा. विधानसभेत दोन तृतीयांश मतांचा ठराव, वर संसदेचा कायदा. आंध्रने १९८५ ला बंद केली, २००७ ला परत आणली, २०२० ला पुन्हा बंदचा ठराव केला आणि २०२१ ला तोही मागे घेतला. त्यापेक्षा पुढच्या अधिवेशनात नेमलेल्यांपैकी एकाचं नाव घ्या आणि त्याने किती तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो), किती लक्षवेधी (तातडीच्या विषयावर मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या सूचना) टाकल्या ते कामकाजात शोधा.