कोलोनोस्कोपीचा दर्जा कसा मोजावा आणि सुधारावा

सुरुवात एडीआरपासून (अ‍ॅडिनोमा डिटेक्शन रेट) करा, म्हणजे कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने मोठ्या आतड्याची तपासणी) झालेल्या ४५ वर्षे व त्यावरील किती टक्के रुग्णांत किमान एक अ‍ॅडिनोमा (पुढे कर्करोगात बदलू शकणारी गाठ) सापडला. अमेरिकी तज्ज्ञसंस्थांनी २०२४ मध्ये किमान ३५ टक्क्यांचे लक्ष्य ठेवले. कर्करोगासाठीची मलचाचणी पॉझिटिव्ह आल्याने तपासणीला आलेल्यांची मोजणी वेगळी ठेवा. त्यांच्यात अ‍ॅडिनोमा मुळातच जास्त सापडतात, त्यामुळे केंद्रांची तुलना फसते.

हा आकडा बहुतेकदा चुकतो तो पॅथॉलॉजीच्या टप्प्यावर. काढलेला प्रत्येक पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची वाढ) अ‍ॅडिनोमा नसतो, म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट त्या-त्या तपासणीला जोडलाच पाहिजे. शिवाय ५० तपासण्यांवरून डॉक्टरांची तुलना करू नका: ३५ टक्के दर निव्वळ योगायोगाने १३ टक्के-बिंदूंनी वर-खाली होऊ शकतो.

सोबत सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत) पोहोचण्याचे प्रमाण (किमान ९५ टक्के, फोटोसह) नोंदवा.

दर कमी असेल तर आधी आतड्याची स्वच्छता पाहा. आतडे साफ करणाऱ्या औषधाचा दुसरा अर्धा डोस तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून २ तास आधी संपवायला सांगा. बोस्टन स्केलवर (आतड्याच्या तीन भागांच्या स्वच्छतेला ० ते ३ गुण देणारी पद्धत) प्रत्येक भागाला किमान २ गुण हवेत. मग स्कोप (तपासणीची नळी) मागे घेण्याचा वेळ पाहा. काहीच न सापडलेल्या तपासण्यांत तो सरासरी किमान ८ मिनिटे असावा. मात्र घड्याळ पुरेसे नाही, आतड्याच्या घड्यांमागेही पाहावे लागते. उजवे कोलन (मोठ्या आतड्याचा उजवा भाग) दोनदा तपासा. प्रत्येक डॉक्टरला त्याचा एडीआर खासगीत, नियमित कळवा.